नाकाचं ऑपरेशन झालंय आणि लग्न तोंडावर आलंय: मेकअप, स्किनकेअर, नथ

केतकीपान
नमस्कार मंडळी. लहानपणी झोपाळ्यावरून पडले तेव्हापासून माझ्या नाकाचा पडदा वाकडा. डावी नाकपुडी जवळजवळ बंदच, रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घशाला कोरड. शेवटी परवा सेप्टोरायनोप्लास्टी करून घेतली. आतला पडदा सरळ केला आणि वरचं हाडही. सध्या नाकावर प्लास्टर, आत सिलिकॉनच्या पट्ट्या आणि दोन्ही डोळ्यांखाली जांभळंनिळं झालंय. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघेल.

ऑपरेशनची तारीख पक्की झाल्यावर भावाच्या लग्नाचा मुहूर्त अलीकडे आला. साधारण महिन्याभरात मला करवली म्हणून मिरवायचंय. सर्जनना विचारणारच आहे, पण त्यांच्याकडची वेळ टाके, औषधं आणि श्वास यातच संपते. म्हणून ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांना विचारते. डोळ्यांखालचे डाग कधीपासून आणि कशाने झाकायचे? प्लास्टरखालच्या त्वचेचं काय होतं? नाकावर फाउंडेशन कधी लावता येतं? आणि नथ? आईने आजीची मोत्यांची नथ पॉलिश करून आणलीसुद्धा.

गवती_चहा
आधी लवकर बरी हो गं. वाचतेय, माझ्या नणंदेचं हेच ऑपरेशन ठरलंय.

एकांडा_डोंगर
माझं फक्त पडद्याचं झालं होतं, वरचं हाड नाही. मेकअपमधलं काही कळत नाही, पण त्वचेचं सांगतो. बाहेर प्लास्टर नव्हतं तरी गालापासून गालापर्यंत चिकटपट्टी होती. ती निघाल्यावर खालची कातडी लाल आणि चिकट. घरी शेव्हिंग करताना ओठावरचा भाग बधिर आहे हे कळलंच नाही, रक्त दिसलं तेव्हा समजलं. दाढीवाल्यांनी तिथे जपून. बाकी दोन उशा घेऊन झोप, शिंक आली तर तोंड उघडून शिंक आणि नाक अजिबात शिंकरू नकोस.

रंगपेटी
मी लग्नांचे मेकअप करते, त्यामुळे केतकी, तुझ्यासारख्या नवऱ्या आणि करवल्या माझ्याकडे आल्यात. सविस्तर लिहिते.

डोळ्यांखालचा रंग रोज बदलतो. आधी जांभळा-निळा, मग हिरवट, मग पिवळा. बहुतेकांचा दोन आठवड्यांत उतरतो. म्हणजे लग्नापर्यंत तुला झाकायला फारसं उरणारच नाही. उरलंच तर आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर निळ्या-जांभळ्यासाठी पीच किंवा नारिंगी करेक्टर. पिवळट डागावर नारिंगी लावलं तर आणखी उठून दिसतं, तिथे किंचित लॅव्हेंडर छटा. हिरवा करेक्टर लालीसाठी असतो, या डागांवर तो राखाडी दिसतो. करेक्टर अगदी पातळ, त्यावर कन्सीलर, अनामिकेने थोपटत. घासायचं नाही. आणि डोळ्याच्या खाचेत नाकाकडे जिथे हाड लागतं तिथे थांबायचं, नाकाच्या भिंतीवर जायचं नाही.

लावण्यापेक्षा काढणं अवघड आहे. बायका लावताना हळुवार असतात आणि रात्री बारा वाजता दमून घरी आल्यावर खसाखसा पुसतात. म्हणून वॉटरप्रूफ काहीही नको. कापसावर मायसेलर वॉटर किंवा क्लीन्झिंग मिल्क भरपूर घ्यायचं, मिटलेल्या डोळ्यावर नुसतं धरून ठेवायचं, काजळ-मस्करा सुटू द्यायचा आणि मग कापूस बाहेरच्या बाजूला उचलून घ्यायचा. दाब शून्य. ते जमत नसेल तर त्या दिवशी मेकअप करू नये, असं मी नवरीलाही सांगते.

शमा_बे_एरिया
रंगपेटी, केवढं छान लिहिलंत! एक भर. जुने ब्रश, जुना स्पंज, मागच्या दिवाळीचा मस्करा यातलं काही वापरू नकोस. माझी रायनोप्लास्टी इकडे झाली तेव्हा नर्सने पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. नाकाखाली टाके असतात आणि स्पंज ओला राहिला की त्यात काय काय वाढतं! नवा स्पंज घे किंवा सरळ स्वच्छ धुतलेली बोटं.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण एक लग्न मेकअपशिवाय केलं तर काय बिघडतं? आणि श्वासासाठी पडदा सरळ केला हे समजलं, वरचं हाड कशाला? दिलेलं नाक वाईट नसतं. हल्ली जो तो चेहरा बदलायला निघालाय.

केतकीपान
@स्पष्टवक्ता, वरचं हाडही त्याच पडण्यात मोडून वाकडं जुळलं होतं. बाहेरचं वाकडं तसंच ठेवलं तर आतलं पुन्हा ओढलं जाऊ शकतं असं सर्जन म्हणाले. आणि खरं सांगायचं तर बाजूने फोटो काढला की मला वाईट वाटायचं. तेही कारण होतंच आणि त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही. मेकअपशिवायही मी लग्नाला जाईन. पण एकुलत्या एका भावाच्या लग्नात नटावंसं वाटतं, तेवढ्यासाठी माहिती विचारतेय.

गवती_चहा
केतकी +१. भावाच्या लग्नात करवली नाही नटणार तर कोण नटणार?

स्पष्टवक्ता
ठीक. मोडून जुळलं होतं हे माहीत नव्हतं. लवकर बऱ्या व्हा.

कानघसा_कोल्हापूर
व्यवसायाने कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांचा शब्द अखेरचा, कारण आत काय काय केलं ते त्यांनाच माहीत. सर्वसाधारण सांगतो.

बाहेरचं प्लास्टर आणि आतल्या पट्ट्या बहुधा आठवड्याच्या आसपास निघतात. नाकाखालच्या दांडीवर बाहेरून टाके घातले असतील तर तेही त्याच सुमारास. त्या जखमेचं तोंड पूर्ण बंद होऊन खपली आपोआप पडेपर्यंत तिथे मेकअप, क्रीम, सनस्क्रीन काही नाही. मलम दिलं असेल तर फक्त तेच. टाके निघाले म्हणजे दुसऱ्या दिवशी फाउंडेशन चालतं असा समज असतो. तसं नाही. टाक्याची भोकं मिटायलाही वेळ लागतो. डोळ्यांखाली आणि गालांवर मात्र जखम नसेल तर पहिल्या आठवड्यानंतर बहुतेक सर्जन परवानगी देतात.

प्लास्टरखालच्या त्वचेबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून लिहितो. प्लास्टर काढल्यावर पेशंट आरसा मागतात आणि दचकतात. नाक सुजलेलं, त्वचा तेलकट, छिद्रांतून पिवळट-पांढरे दाणे वर आलेले, मध्येमध्ये पापुद्रे. आठवडाभर त्वचा धुतली गेली नाही, मेद आणि मेलेली कातडी तिथेच साठली, एवढंच ते आहे. ते दाणे पिळायचे नाहीत. ब्लॅकहेड काढायच्या पट्ट्या, स्क्रब, कडुलिंबाचा लेप, मुलतानी माती, काही नाही. खालचं हाड अजून पक्कं झालेलं नाही, तुमच्या दोन बोटांचा चिमटा त्याला भारी पडू शकतो. सौम्य फेसवॉश तळहातावर फेसाळून घ्या, तो फेस बोटांच्या टोकांनी नाकावर ठेवा, कोमट पाण्याने धुवा, टिपून घ्या. आठवड्या-दोन आठवड्यांत त्वचा ताळ्यावर येते. रेटिनॉल, सॅलिसिलिक, ग्लायकोलिक यांची घाई नको, परत सुरू करायची वेळ सर्जनना विचारा.

एकांडा_डोंगर
डॉक्टर, वाफेचं काय? आमच्याकडे नाक म्हटलं की आई पातेलं चढवते.

कानघसा_कोल्हापूर
सुरुवातीला गरम वाफ नको. उष्णतेने रक्तवाहिन्या फुगतात, सूज वाढते, रक्त येऊ शकतं. नाकात खपल्या धरतात त्यासाठी सलाईनचा स्प्रे किंवा सांगितलं असेल तसं नाक धुणं. आईंना सांगा, पातेलं चहासाठी ठेवा.

शमा_बे_एरिया
डॉक्टर, अर्निका? इकडे गोळ्याही देतात, जेलही.

कानघसा_कोल्हापूर
काळंनिळं लवकर उतरतं का यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. घेणार असाल तर सर्जनना सांगून घ्या. जेल जखमेवर नको. ऑपरेशनआधी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, काहीही सुरू असेल तर ते सांगायलाच हवं, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. केतकीचं झालंय, पण गवती चहा यांच्या नणंदेसाठी. त्यांना हेही सांगा की त्या दिवशी नेलपेंट आणि लिपस्टिक लावून जाऊ नका. बोटाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखातून वाचतं आणि ओठांचा रंग भूलतज्ज्ञांना दिसावा लागतो.

गवती_चहा
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. तिला चमकी आहे, खूप वर्षांची. काढावी लागेल?

कानघसा_कोल्हापूर
हो, काढावीच लागते. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, धातू अंगावर नको असतो, आणि ती जागाच आमच्या कामाची. जुनं भोक असेल तर सहसा लगेच बुजत नाही, पण आकसतं. परत कधी घालायची ते सर्जन सांगतील. घरी जबरदस्तीने ढकलू नका.

मोडीप्रेमी
धाग्यात जरा नाक खुपसतो. विषय नाकाच्या ऑपरेशननंतरच्या काळजीचा आहे आणि त्याचा एक जुना पुरावा पुण्याचा आहे, म्हणून राहवत नाही.

लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठी गाडीवान इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागीर वैद्याने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून बघायचा, तो कपाळावर सपाट ठेवून कड आखायची, तेवढी कातडी सोलून खाली वळवायची, आणि डोळ्यांच्या मध्ये एक दांडी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो.

इथल्या विषयाशी लागतं ते पुढे. जोडावर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस पाठीवरच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाच्या वळ्या. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती दांडी कापायची. हे वाचूनच कार्प्यू या इंग्रज सर्जनने तयारी केली आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये असं ऑपरेशन केलं.

त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत नाक जोडल्यावर आत दोन नळ्या घालून ते उचलून धरायला सांगितलंय, वर ज्येष्ठमध वगैरेंचं चूर्ण, कापूस आणि तिळाच्या तेलाचं शिंपण. पाठीवर झोपा, नाकपुडी उघडी ठेवा, जखम कोरडी पडू देऊ नका. डॉक्टरांच्या सूचना वाचताना हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

कानघसा_कोल्हापूर
मोडीप्रेमी, अप्रतिम. कपाळाच्या कातडीचं ते ऑपरेशन सुधारलेल्या रूपात आम्ही आजही करतो, नाकाच्या कर्करोगानंतर नाक पुन्हा घडवताना. आणि आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांना बऱ्याचदा श्वासासाठी नळी जोडलेली असते. कात आणि तूप मात्र आज कोणी घरी लावू नये!

केतकीपान
कावसजीचं वाचून अंगावर काटा आला. मी भूल घेऊन, गादीवर पडून तक्रार करत होते. मोडीप्रेमी, यावर वेगळा धागा काढाच.

प्लास्टर काल निघालं. डॉक्टरांनी लिहिलंय अगदी तस्संच दिसलं, ते दाणेसुद्धा. आधी वाचलं होतं म्हणून घाबरले नाही, नाहीतर रडलेच असते. आई शेजारी होती, ती म्हणाली, “अगं, हे तर बाळाच्या नाकावर असतात तसे आहेत.” सर्जनही हसले. शेंडा बधिर आहे आणि वरचा ओठ जड वाटतो, हसताना ओठ वर जातच नाही. हे किती दिवस?

कानघसा_कोल्हापूर
बधिरपणा काही आठवडे ते काही महिने. ओठ त्याआधी सुटतो. शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी, पूर्ण उतरायला वर्षही लागतं. त्यामुळे लग्नाच्या फोटोंवरून नाकाची परीक्षा करू नका.

रंगपेटी
बधिरपणावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं. वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग आत्ता नको. दोरा ओठ ओढतो, तो ताण थेट टाक्यांपर्यंत जातो, आणि गरम वॅक्सने भाजलं तर तुला कळणारही नाही. एका पार्लरमध्ये माझ्या क्लायंटला “हळू करते” म्हणत फेशियल मसाज दिला होता, नाकावर अंगठे फिरवून. ती रडत माझ्याकडे आली. लग्नाआधीचं पॅकेज म्हणून फेशियल, ब्लीच, वाफ असं एकत्र विकतात, त्याला सरळ नाही म्हण. भुवया करायच्या असतील तर कोणालातरी कातडी ताणून धरायला सांग, पण नाकाच्या मुळाशी हात नको, आणि आधी सर्जनना विचार.

आता त्या दिवसाचं. एअरब्रश नको, बारीक फवारा सरळ नाकाकडे जातो. मोकळी पावडर नको, शिंक येईल. सेटिंग स्प्रे हवाच असेल तर स्पंजवर मारून स्पंज गालावर टेकव. नाकावर सर्जनची परवानगी असेल तर फक्त टिंटेड सनस्क्रीन, बोटाने ठिपके ठेवून. नाकाचं काँटूरिंग करायचंच नाही. सुजलेल्या नाकावर गडद रेघा ओढल्या की ते आणखी रुंद दिसतं. त्यापेक्षा डोळे आणि ओठ भरून कर, नजर तिकडे जाते.

शमा_बे_एरिया
टिंटेड सनस्क्रीनला माझं प्रचंड अनुमोदन. आपल्या त्वचेवर डाग लगेच काळपट होतात आणि महिनोन्महिने राहतात. टिंटमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, ते दृश्य प्रकाशही अडवतं, पांढऱ्या सनस्क्रीनने तेवढं होत नाही. माझ्या नाकावरची लाली उन्हात गेलं की वाढायची. टोपी हवीच. आणि चष्मा नाकावर टेकवू नकोस, गॉगलही. मी कपाळाला टेप लावून चष्मा अडकवायचे. डॉक्टर, किती आठवडे?

कानघसा_कोल्हापूर
हाड कापून बसवलं असेल तर चार ते सहा आठवडे. लेन्स जमत असतील तर उत्तम.

सुगरण_आत्या
केतकी बाळा, मी मेकअपवाली नाही पण चार लग्नं उभी केली आहेत, म्हणून सांगते. धोका मेकअपपेक्षा माणसांचा आहे. हळदीला चुलतभावंडं तोंडाला हळद फासायला धावतात, कोणाचं तरी कोपर नाकावर बसतं. भावालाच दटावून ठेव की केतकीच्या फक्त हाताला हळद. मंगलाष्टकांना तू करा घेऊन भावाच्या मागे उभी राहणार आणि लोक मागून अक्षता फेकून मारतात, वाहत नाहीत. पदर डोक्यावरून थोडा पुढे घे. होमाच्या धुरात बसू नकोस. वरातीत नाचू नकोस, टाळ्या वाजव. आणि साडी-ब्लाउज आधी, मेकअप नंतर. हळदीचा कुर्ता डोक्यावरून घालायचा असेल तर बदल, पुढून उघडणारा शिव.

गवती_चहा
आत्या, हे कोणत्याच डॉक्टरच्या कागदावर नसतं! अक्षतांचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

केतकीपान
आत्या, कुर्ता आज शिंपीकाकांकडे परत दिला, पुढून बटणं लावायला. आता नथीचं सांगा ना कोणीतरी. आई रोज विचारते.

शमा_बे_एरिया
माझ्या मैत्रिणीने पापण्या चिकटवायच्या ग्लूने नथ लावली होती, दिवसभर टिकली.

रंगपेटी
शमा, एरवी मीही करते. इथे नको. ग्लू सुटताना नाकपुडीची कडा ओढली जाते.

कानघसा_कोल्हापूर
रंगपेटी यांच्याशी सहमत. दाबाची नथ तर त्याहून वाईट, तासन्‌तास एकाच जागी चिमटा. बधिर नाकाला दुखत नाही, त्यामुळे कातडी दबून पांढरी पडली तरी कळत नाही. भोकात घालायची नथ असेल तर मोत्यांचं वजन लोंबतं. महिन्याभराच्या नाकावर माझं उत्तर नाही हेच.

सुगरण_आत्या
मग नथ नाकातच घालायला हवी असं कुठे आहे? आजीची नथ साडीच्या खांद्यावर पिनेने लाव, ब्रोचसारखी. हल्ली पोरी ब्लाउजच्या पाठीवर नथीचं भरतकाम करून घेतात, तीही हौस होईल. पुढल्या मंगळागौरीला नाकात घाल.

केतकीपान
आत्या!! आईला दाखवलं, तिने लगेच नथ माझ्या खांद्यावर धरून बघितली. गुलबक्षी पैठणीवर काय दिसते! ठरलं.

आज सर्जनकडेही यादीच घेऊन गेले होते, इथूनच बनवलेली. डोळ्यांखाली आणि गालांवर आत्तापासून चालेल म्हणाले. नाकावर पुढच्या तपासणीत खपली बघून सांगणार, ती तपासणी लग्नाच्या आधीच आहे. थ्रेडिंग, नथ, नाच यांना सरळ नकार.

कानघसा_कोल्हापूर
छान. एवढं लक्षात ठेवा: अचानक एक बाजू पूर्ण बंद होऊन ठणका वाढला, ताप आला, पू दिसला किंवा रक्त थांबेना, तर लग्नघर असो की हॉल, लगेच सर्जनना फोन. बसून, पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत राहा.

रंगपेटी
केतकी, ट्रायल पुढच्या तपासणीनंतरची घे, आधीची नको. तुझी मेकअपवाली जे काही वापरणार असेल ते आधी कानामागे लावून एक दिवस बघ, आत्ता त्वचा नाजूक आहे. आणि ट्रायलला नुसतं लावून घेऊन येऊ नकोस, काढूनही तिथेच बघ, तिच्यासमोर.

गवती_चहा
रंगपेटी, नणंदेचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही पुण्यात येता का?